पोंतेवेद्राचे चौक आणि आपला लक्ष्मी रस्ता

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद असतो, आणि हा रस्ता कायमचा चालणाऱ्यांना द्यावा की नाही, हा वाद दर वेळी नव्याने पेटतो. गाडी दुकानापर्यंत आली नाही तर गिऱ्हाईक कुठून येणार, असे व्यापारी विचारतात. पेठांतल्या अरुंद रस्त्यांवर हे जमणारच नाही, असे अनेक पुणेकर ठामपणे सांगतात. मी स्पेनमधल्या विगो या बंदराच्या शहरात राहतो. तिथून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोंतेवेद्रा येते, आणि ते गाव एक दिवस पायी पाहिले की हे दोन्ही आक्षेप फारसे टिकत नाहीत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पोंतेवेद्रा हे स्पेनच्या वायव्येकडच्या गालिसिया प्रांतातले सुमारे ८३ हजार वस्तीचे जुने शहर. पोर्तुगालहून सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे पायी निघालेल्या यात्रेकरूंची वाट त्याच्या ऐन मध्यातून जाते, त्यामुळे पेरेग्रिना मातेच्या छोट्या चर्चपाशी यात्रेची खूण म्हणून सॅकला शिंपला बांधलेली माणसे नेहमी भेटतात. अठराव्या शतकातल्या या चर्चचा आराखडाही शिंपल्याच्याच आकाराचा आहे. पुढे ऐसपैस फेरेरिया चौक, मग दगडी क्रूस मधोमध असलेला लेन्या चौक, दुकानांवर दगडी कमानी पेललेल्या गल्ल्या, आणि सोळाव्या शतकात दर्यावर्दींच्या संघाने बांधलेले सांता मारिया चर्च. लेरेस नदीवरच्या बुर्गो पुलापर्यंत हे सगळे रमतगमत पाहताना एकदाही जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा लागत नाही.

या गल्ल्या आपल्या पेठांइतक्याच अरुंद आहेत, काही तर त्याहून अरुंद. तिथे पदपथ आणि रस्ता असा भेदच ठेवलेला नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत ग्रॅनाइटची एकसलग फरसबंदी आहे, त्यामुळे चाकाची खुर्ची किंवा बाळाची गाडी कुठे अडत नाही. मी पाहिले ते असे: वॉकर घेऊन एक आजी गल्लीच्या मधून चालल्या होत्या आणि मागून माल पोचवणारी व्हॅन त्यांच्याच गतीने येत होती. चालकाने हॉर्न वाजवला नाही आणि आजींनीही मागे वळून पाहिले नाही. वाट तिथे आजींची आहे, हे दोघांनीही गृहीत धरले होते.

हे आपोआप घडलेले नाही. १९९९ मध्ये मिगेल आन्शो फेर्नांदेस लोरेस हे पेशाने डॉक्टर असलेले गृहस्थ महापौर झाले, तेव्हा याच गल्ल्या गाड्यांनी तुंबलेल्या होत्या. खासगी मालकीच्या मोटारीने सार्वजनिक जागा का अडवावी, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. त्यांनी सरसकट बंदी घातली नाही. गाव ओलांडून पलीकडे जाणारी आणि पार्किंग शोधत घिरट्या घालणारी वाहतूक त्यांनी काढली. रहिवाशांची, मालाची आणि रुग्णवाहिकांची वाहने चालू ठेवली. रस्त्यांवरचे पार्किंग गेले, त्याऐवजी मध्यभागापासून चालत येण्याजोग्या अंतरावर मोफत वाहनतळ आले. कुठून कुठे चालायला किती मिनिटे लागतात, हे दाखवणारा मेट्रोच्या नकाशासारखा नकाशाही पालिकेने काढला. दुकानदारांनी सुरुवातीला विरोध केलाच होता, पण मोठ्या मॉलना परवानगी न देण्याचे धोरण पालिकेने ठेवले आणि छोटी दुकाने तग धरून राहिली. लक्ष्मी रस्त्याच्या चर्चेत ही बाजू मी जवळपास कुठेच वाचत नाही.

पुणे म्हणजे पोंतेवेद्रा नव्हे, हे मला मान्य आहे. पोंतेवेद्रात वाहनतळापासून चालत गाव गाठता येते. पुण्यात हडपसरहून किंवा वारज्याहून येणाऱ्याला मात्र भरवशाची बस लागते, आणि पीएमपीची बस वेळेवर येत नसेल तर तो दुचाकी काढणारच. शिवाय आपल्या रस्त्यावर पथारीवाले आहेत. चालायला जागा करायची म्हणून आधी त्यांनाच उठवायचे आणि पदपथावर लावलेल्या दुचाक्यांना हात लावायचा नाही, हा शिरस्ता मला अन्यायाचा वाटतो. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा त्यांच्या उपजीविकेला संरक्षण देतो, आणि ज्या रस्त्यावर माणसे पायी हिंडतात तिथेच त्यांचा धंदा होतो.

मला सर्वांत मोठा फरक शहराच्या आकारापेक्षा कारभारात दिसतो. लोरेस यांनी लोकांचा रोष अंगावर घेतला, पुन्हा मते मागितली आणि ते पुन्हा पुन्हा निवडून आले. पुण्यात मार्च २०२२ नंतर अनेक वर्षे महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली; त्या काळात लक्ष्मी रस्त्याचा निर्णय घेऊन एकेका दुकानदाराशी बोलायला जाईल, असा निवडून दिलेला माणूसच सभागृहात नव्हता. म्हणून पेठांतून मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या पुण्यातल्या आप्तांनी विचारावे: रस्त्याकडेचे पार्किंग तुम्ही कुठे हलवणार, आणि तिथून मंडईपर्यंत दर किती मिनिटांनी बस सोडणार?