माझ्या लेकीनं नाताळच काढला होता

आज संध्याकाळी लेक शाळेतून आली आणि दप्तर कोपऱ्यात टाकून आतल्या खोलीत जाऊन पडली. जेवायला येईना, बोलेना. शेवटी तिची चित्रकलेची वही उघडली तेव्हा कळलं. वर्गात विषय होता 'माझ्या घरचा ख्रिसमस'. हिनं काढलेलं काय, तर गावाकडचं अंगण, चूल, चुलीवर कढई, आजी करंज्या तळतीये, वर बांबूला लटकवलेली चांदणी आणि कोपऱ्यात ढोलकीवाला. टीचर म्हणाल्या, अगं ही तर दिवाळी झाली, ख्रिसमस काढ ना, ट्री काढ, सांता काढ, स्नो काढ. आणि मग पुढच्या पानावर हिनं मुकाट्यानं कापसासारखा बर्फ आणि सांता काढलाय, खाली 'गुड'.

तेव्हापासून डोकं भणभणतंय म्हणून लिहितीये.

बर्फ? आमच्याकडे? राहुरीच्या बाजूला डिसेंबरात काय असतं तर उसाची तोड चालू असते, ट्रॅक्टर ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर, हरभऱ्यावर सकाळी दव, आणि थंडी अशी की अंगणात शेकोटी पेटल्याशिवाय कुणी बाहेर येत नाही. आम्ही मराठी ख्रिस्ती, आमचा नाताळ त्या थंडीतला. माझ्या लेकीनं तोच काढला, जो तिनं डोळ्यांनी बघितलाय. मग चुकलं कुठं तिचं?

माझ्या लहानपणी नाताळच्या आधीच्या आठवड्यात आमच्या अंगणात फराळाचा धूमधडाका असायचा. आजी नऊवारीचा काष्टा घट्ट करून चुलीपुढं बसायची, गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. शेजारच्या काकू, त्या ख्रिस्ती नव्हत्या, त्यांच्या देवघरात विठोबा-रखुमाई, पण करंजीची कड कापायला त्याच लागायच्या. आजीची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, तिला कातणं धरता यायचं नाही. काकूंकडचं पितळी कातणं दिवाळीला त्यांच्या घरात फिरायचं आणि दिवाळी झाली की आमच्या फळीवर येऊन बसायचं, ते नाताळ होईपर्यंत. कुणी मागितलं नाही, कुणी दिलं नाही, ते आपलं यायचंच. दिवाळीत त्यांचं ताट आमच्याकडे आलेलं असायचं ना, ते रिकामं परत कसं जाणार? नाताळला भरून जायचं, वर क्रोशाचा रुमाल टाकून.

आणि कुणीतरी आज माझ्या पोरीला सांगतं की करंजी म्हणजे ख्रिसमस नाही!

हां, टीचर नवीन आहेत, वयानं लहान आहेत, पुस्तकात जे छापलंय तेच सांगणार, हे मला कळतं. पोरांना सांता आवडतो हेही खरं, माझ्या घरातही प्लास्टिकचं झाड आहे, त्यावर दिवे आहेत, असू देत. पण त्या झाडापायी आजीचं अंगण खोडायचं? हे मला नाही पटत आणि पटणारही नाही.

बरं, मुळात गोष्टीकडे जा ना. बेथलेहेम कुठं, तो बर्फ कुठं! बायबलात येशूजन्माची बातमी पहिली कुणाला मिळते, तर रात्री रानात मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांना. आमच्या संडेस्कूलच्या नाटकात मेंढपाळ व्हायचं म्हणजे खरी घोंगडी लागायची, ती धनगराच्या वाड्यावरून मागून आणायची, काठी पण त्यांचीच, आणि एका वर्षी तर त्यांनी खरं कोकरू दिलं होतं, ते स्टेजवर ओरडायला लागलं तर सगळी मंडळी त्याच्याकडेच बघत बसलेली. त्या धनगरांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही की ही गोष्ट काय आहे. रात्रीची राखण काय असते ते त्यांनाच आमच्यापेक्षा जास्त माहीत. गोठा आम्ही कडब्याच्या पेंढ्यांचा करायचो. असिसीच्या फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात पहिल्यांदा खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून हा देखावा मांडला म्हणतात, म्हणजे आठशे वर्षांपूर्वी त्यानंही आपल्या गावात जे होतं तेच घेतलं. आणि ज्याच्यावरून सांता निघाला तो संत निकोलस मायराचा बिशप, मायरा आजच्या तुर्कस्तानात, समुद्राकाठी. लाल कोटातला, रेनडिअरवाला जो आहे तो पुढं अमेरिकेत घडला. त्यांनी त्यांच्या थंडीचा, त्यांच्या मुलखाचा नाताळ केला, छानच केलं. मग आम्ही आमच्या मुलखाचा केला तर तो कमी अस्सल कसा काय?

चोवीस तारखेच्या रात्री कॅरल निघायची. पुढं गॅसबत्ती, मागं ढोलकी, झांजा, एकाच्या गळ्यात पेटी. इंग्रजी गाणं एखादं, ते पण शहरातून आलेल्या दादा लोकांच्या हौसेखातर, बाकी सगळी भजनं, मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची. मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो म्हणणारा माणूस तो, त्याच्या भजनाला टाळ नाही तर काय गिटार लागणार? नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ ला, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं आमची माणसं कीर्तनात, ओवीत, अभंगात येशूचं नाव घेतायत. त्याही आधी गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्र्यानं अख्खी ख्रिस्तकथा मराठी ओवीत लिहिली, ती १६१६ ला छापली गेली. परदेशातून आलेला माणूस आपल्या ओवीत लिहितो आणि आपल्याच शाळेत आपल्या पोरीला तिचं अंगण बाहेरचं म्हणून सांगतात.

कॅरल आमच्या दारात यायला पहाटेचे तीन-चार वाजायचे. आजी झोपायचीच नाही. चहाचं मोठं पातेलं, चिवडा, आणि त्याच करंज्या, काकूंच्या कातण्यानं कापलेल्या. आणि काकूसुद्धा शाल पांघरून त्यांच्या ओट्यावर येऊन बसायच्या, भजन संपेपर्यंत, टाळ्या वाजवत. चाल त्यांच्या ओळखीची असायची ना. मला अजून ते आठवलं की घशात काहीतरी येतं, आत्ता लिहितानाही आलंय.

मोठी झाल्यावर पुण्यात आले तर ऑफिसात दर डिसेंबरला तेच. अय्या तुम्ही ख्रिश्चन? वाटत नाही. मराठी किती छान बोलता हो. केक आणणार ना? वाइन असते ना तुमच्यात? अहो आमच्या मंडळीत आयुष्यात कुणी वाइन बघितली नाही, आजी तर दारूच्या वासानं दार लावून घ्यायची. मी पहिल्या वर्षी करंज्या-चकल्यांचा डबा नेला तर एक बाई म्हणाल्या, दिवाळीच्या उरल्यात का? तेव्हा मी हसले आणि गप्प बसले. आज नाही बसणार, कारण आता हे माझ्यापाशी थांबलेलं नाही, ते लेकीच्या वहीपर्यंत पोचलंय.

आणि हे फक्त आमचंच नाही. वसईला जा, तिथल्या म्हाताऱ्या बायका लाल लुगडं नेसून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जातात, पोरं नाक्या-नाक्यावर गोठे बांधतात. गोव्यात नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, आणि दोदोल नावाची मिठाई करून शेजाऱ्यांकडे पोचवतात. प्रत्येक ठिकाणी नाताळाला त्या त्या मातीचा वास आहे. मॉलमधला नाताळ मात्र पुण्यात तोच, दुबईत तोच, त्याला कुठलाच वास नाही.

एक मान्य करते, त्या फराळात बायकांची कंबर मोडायची आणि पुरुष मंडळी ताट समोर आल्यावर उगवायची. ते तसंच्या तसं परत आणायचं नाहीये मला. माझा नवरा गेल्या वर्षीपासून शंकरपाळे करतो, चांगले करतो. पण सगळं ऑनलाइन मागवून, बॉक्स उघडून, फोटो काढून झालं नाताळ, हे पण नको. माझ्या एका चुलतभावानं यंदा ग्रुपवर टाकलंय की फराळ ऑर्डर करू, रिसॉर्ट बुक करू, कशाला दगदग. अरे, दगदगीतच तर सगळे एकत्र बसायचे! काकू काय रिसॉर्टवर येणार होत्या का कड कापायला?

आजी गेली, काकू पण गेल्या. त्यांच्या सुनेला मी मघाशी फोन केला, हे सगळं सांगितलं, ती ऐकून आधी गप्पच झाली आणि मग म्हणाली, ताई तुम्ही शाळेत जाच. जाणारच आहे. भांडायला नाही. टीचरना विचारणार आहे की पोरांना एक तास करंज्या भरायला शिकवू का, सारण मी घेऊन येते, तळून घरून आणते.

आणि तुम्हा सगळ्यांना इथंच सांगते, वेगळं आमंत्रण करत नाही. एकवीसला रविवार आहे, दुपारी तीनपासून आमच्याकडे फराळ करायला बसतोय, पुरुषांनी पण यायचंय. चोवीसला रात्री भजन आहे, ढोलकीवाला गावाहून येतोय. ज्यांच्याकडे सोऱ्या आहे त्यांनी घेऊन या, आमच्याकडे एकच आहे आणि चकल्या भरपूर करायच्यात.