वॉचमनला सांगा, रिक्षास्टँडवर सांगा

घरात डिमेन्शियाचं, म्हणजे आठवण नि भान हरवत जाणाऱ्या आजाराचं, माणूस असेल तर ते शेजारीपाजारी सांगून टाका. 'लोक काय म्हणतील' म्हणून आपण गप्प बसतो आणि ते माणूस एकटंच बाहेर निघालं की वॉचमन 'नमस्कार काका' म्हणत अदबीने फाटक उघडून देतो. त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. लाजायचं कुणाला?

आमचे नाना, माझे सासरे, दिवे लागले की चपला घालून दाराशी उभे. 'घरी जायचंय.' घर म्हणजे परळची चाळ, कधी कधी गिरणीची पाळी. डबाही मागतात. आम्ही वाद घालत नाही. 'चला, चहा घेऊन निघू' म्हणायचं, नाहीच ऐकलं तर सोबत एक चक्कर मारून यायची. बाहेरून कुलूप लावून त्यांना एकटं कोंडणं मला मुळीच पटत नाही. आग लागली तर काय?

ब्रिटनमध्ये 'हर्बर्ट प्रोटोकॉल' म्हणून एक फॉर्म आहे. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते जॉर्ज हर्बर्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडीत लढलेले सैनिक. डिमेन्शिया झाल्यावर लहानपणचं घर शोधायला निघाले आणि त्यातच गेले. आता तिथली कुटुंबं आधीच सगळं लिहून ठेवतात : ताजा फोटो, औषधं, जुने पत्ते, नोकरीची जागा, आधी कुठे सापडले होते. माणूस हरवलं की तो कागद पोलिसांच्या हातात.

आपणही आजच असा कागद करा. आणि बाईमाणूस असेल तर माहेरचं नाव नि गाव विसरू नका! ऐंशीच्या आजी विचारल्यावर लग्नाआधीचं नाव सांगू शकतात, आणि आपण मात्र सासरच्या नावाने शोधत बसतो.

जीपीएसचं घड्याळ चांगलंच, पण नाना ते हातातून काढून टाकतात. म्हणून नानांच्या प्रत्येक सदऱ्याला आतून फोन नंबरची पट्टी शिवलीय. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांकडे त्यांचा फोटो आणि आमचा नंबर आहे. 'काकांना बसवून ठेवतो, काळजी करू नका,' असं त्यांनी आपणहून सांगितलं.

आणि माणूस दिसेनासं झालं की २४ तास थांबायचं, असा कुठलाही नियम नाही. लगेच ११२ हा आपत्कालीन नंबर लावा, डिमेन्शिया आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा, अंगावर काय कपडे होते ते सांगा, आणि एकाला घरीच थांबवा, ते आपले आपण परत आले तर दार उघडायला कुणी हवं.