तळव्यातला गोळा आणि फॅमिली ग्रुपवरची केळी

वारीत दिवे घाट चढून सासवडला टेकले तेव्हा पाय दुखत होते, पण बेतात. रात्री दोनच्या सुमारास राहुटीत कूस बदलली आणि उजव्या तळव्यात असा गोळा आला की अंगठा आपसूक खाली वळला. विठ्ठल सुचलाच नाही, आईच आठवली. शेजारच्या आजी डोळे न उघडता म्हणाल्या, "बोटं धर आन् माघारी वढ." ओढली. अर्ध्या मिनिटात सुटला.

सकाळी हे फॅमिली ग्रुपवर सांगायची दुर्बुद्धी झाली. केळी खा, मीठ कमी पडलंय, मॅग्नेशियम घे! आमच्याकडे गोळ्यावर गोळी हाच उपाय.

माझं म्हणणं एवढंच, की बऱ्याचदा हे कशाची कमतरता नसून दमलेल्या स्नायूचं आणि चेकाळलेल्या नसांचं काम असतं. केळं खाल्लं तरी ते पचून पायापर्यंत पोचायच्या आत गोळा जिरलेला असतो. कॉक्रेन ही संस्था औषधोपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०२० च्या आढाव्यात वयस्कर लोकांना मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही. गरोदर बायकांबाबत निष्कर्ष उलटसुलट आहेत. गंमत म्हणजे २०१० मध्ये अमेरिकेत मुद्दाम विजेने पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत गोळा आणून लोकांना काकडीच्या लोणच्याचं खारं पाणी पाजलं, तर तो साधारण दीड मिनिटात सुटला. इतक्या लवकर रक्तात काही उतरत नाही; घशातूनच नसांना निरोप जात असावा, असा त्यांचा अंदाज. (आपल्या कैरीच्या लोणच्याचा तेलकट खार पिऊ नका, तो वेगळा.)

आजींचा उपाय मात्र पक्का. स्नायू ताणला की त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेतून मज्जारज्जूकडे 'आता सैल सोड' असा निरोप जातो. झोपेत पांघरुणाच्या ओझ्याने पाऊल खाली झुकतं, पोटरी आणि तळवा आधीच आखडलेले असतात, म्हणून गोळा रात्रीच गाठत असावा. हल्ली मी झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून दोन्ही पोटऱ्या ताणते. २०१२ च्या एका डच अभ्यासात पंचावन्नच्या पुढच्या माणसांना सहा आठवडे झोपण्याआधी पोटऱ्या आणि मांडीचे मागचे स्नायू ताणायला लावले, तर रात्रीचे गोळे कमी झाले. पांघरूण पायाशी खोचणंही बंद केलंय. पाणी पितेच, पण ते उन्हासाठी.

लघवीच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील आणि पेटके वाढले असतील, तर डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की सुटते, असं वारंवार होत असेल तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. एकच पाय सुजून गरम झाला असेल, तर बोटं ओढत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.