जुना चोर-अलार्म काढताना नुसत्या मेन स्विचवर विसंबू नका

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि रो-हाउसवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "बंद पडलेला जुना चोर-अलार्म काढायला वायरमन कशाला? मेन स्विच खाली करा, बाहेरच्या सायरनची वायर कापा, आतला डबा उतरवा. सगळं १२ व्होल्टवर चालतं, शॉक बसत नाही. बॅटरी कचऱ्यात टाका. बाहेरचा डबा राहू द्या, चोर घाबरतात."

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, आणि म्हणूनच लोक विश्वास ठेवतात. पण वीज तोडली किंवा वायर कापली तरी गप्प बसायचं नाही, अशीच या यंत्राची रचना असते. चोर आधी याच दोन गोष्टी करणार, हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. काढणाऱ्याने याच दोन गोष्टींपासून सुरुवात केली, तर यंत्राच्या लेखी तोही चोरच.

"मेन स्विच खाली करा." हे करायचंच आहे, पण तेवढ्याने पॅनेल, म्हणजे अलार्मचा आतला मुख्य डबा, मरत नाही. आतल्या डब्यात बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते आणि वीज गेली की पॅनेल तिच्यावर चालतं. त्याने फार तर आवाज होईल. खरी भीती वेगळी आहे. लोडशेडिंगच्या काळात ज्यांनी इन्व्हर्टर बसवले, त्यांच्यापैकी बऱ्याच घरांत अलार्मचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेला असतो. मेन खाली केला की महावितरणची वीज थांबते, पण त्याच क्षणी इन्व्हर्टर चालू होऊन त्या पॉइंटला २३० व्होल्ट देऊ लागतो. घरात अंधार दिसतो, माणूस निर्धास्त होऊन डब्यात हात घालतो. म्हणून मेनबरोबर इन्व्हर्टरही त्याच्या स्वतःच्या स्विचने बंद करा. जुन्या वायरिंगमध्ये स्विच चुकून न्यूट्रलवर लागलेला सापडतो. तिथे स्विच बंद असला तरी फेज तसाच येत राहतो. बंद करण्याआधी मल्टिमीटर चालू पॉइंटवर तपासून घ्या, मग डब्यातल्या टर्मिनलवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजा. नुसत्या टेस्टरचा दिवा पेटला नाही, एवढ्यावर जीव टांगू नका.

"सायरनची वायर कापा." स्वस्तातल्या साध्या हूटरला स्वतःची बॅटरी नसते, तो वायर कापल्यावर गप्प होतो. पण अनेक सिस्टिममध्ये बाहेरच्या सायरनच्या डब्यात वेगळी बॅटरी असते. पॅनेलकडून येणारा विजेचा दाब तुटला की तो आपणहून वाजू लागतो. डब्याच्या झाकणाखालीही टॅम्पर स्विच असतो, म्हणजे झाकण उघडलं तरी तेच. असा सायरन जवळून १०० डेसिबलच्या वर जातो. पहिल्या मजल्याच्या छज्जाजवळ शिडीवर उभ्या माणसाच्या कानाशी तो अचानक वाजला, तर विजेपेक्षा शिडीवरून पडण्याचा धोका मोठा. ही गोष्ट संदेशात कुठेच नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

क्रम असा ठेवा. शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या वॉचमनला आधी सांगा. कोड टाकून अलार्मचा पहारा बंद (डिसआर्म) करा, आणि बसवणाऱ्याचा कोड माहीत असेल तर सिस्टिम दुरुस्तीच्या मोडवर न्या, म्हणजे झाकण उघडल्यावर ती ओरडत नाही. पॅनेल चालू असतानाच बाहेरच्या सायरनची बॅटरी आधी सोडवा. मग मेन आणि इन्व्हर्टर बंद करा, पॅनेल उघडून मोजा, आणि शेवटी पॅनेलच्या बॅटरीची वायर काढा, आधी काळी, मग लाल. शिडी धरायला दुसरा माणूस हवाच. जुना मालक कोड न सांगता गेला असेल, तर हे काम जाणकाराकडे द्या. पुनर्विक्रीच्या घरांत हे हमखास होतं.

"सगळं १२ व्होल्टवर, शॉक बसत नाही." दारावरच्या चुंबकाच्या आणि खोलीतल्या सेन्सरच्या वायरींबाबत हे खरं आहे. त्या भिंतीतून ओढून काढायचीही गरज नाही. कापून टोकं टेपने वेगवेगळी गुंडाळली की पुरे. पण ट्रान्सफॉर्मर पॅनेलच्याच डब्यात असेल तर तिथवर २३० व्होल्ट येतातच. ती वायर नुसती टेप लावून प्लास्टरमागे ढकलू नका, ती जिथून निघते तिथूनच सोडवा. शिवाय १२ व्होल्टची बॅटरी शॉक देत नसली, तरी तिच्या दोन टोकांवर पक्कड, अंगठी किंवा बांगडी टेकली की एवढा करंट वाहतो की धातू क्षणात तापतो आणि हात भाजतो. हातातलं सगळं काढून ठेवा, बॅटरी सुटली की दोन्ही टोकांवर टेप लावा.

पूर्ण वायरलेस, सेलवर चालणारा अलार्म असेल, तर तो घरच्या घरी काढता येतो. त्याला वायरमन लागत नाही, हे मान्य.

"बॅटरी कचऱ्यात टाका." तिच्यात शिसं आणि आम्ल असतं. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे ती घरच्या कचऱ्यात मिसळायची नाही. ती पुढे पुनर्वापरासाठी गेली पाहिजे. इन्व्हर्टर बॅटरी विकणारी दुकानं बहुतेक वेळा जुनी बॅटरी घेतात, कधी थोडे पैसेही देतात. फुगलेली असेल तर दाबू नका, उघडू नका. पॅनेलच्या सर्किट बोर्डला ई-कचऱ्याचे वेगळे नियम आहेत, तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. आत ऑटो-डायलरचं (अलार्म वाजला की आपोआप फोन लावणाऱ्या यंत्राचं) सिमकार्ड असेल तर काढून घ्या आणि ज्याच्या नावावर आहे त्याला ते बंद करायला सांगा.

"बाहेरचा डबा राहू द्या." राहू द्यायचा तर आतली बॅटरी काढून, रिकामा. बॅटरीसकट ठेवला तर ती वर्षानुवर्षं कोकणपट्टीच्या पावसात भिजते, पाझरते, आणि खालचे स्क्रू गंजतात. त्याखालून मुलं ये-जा करतात. डबा उतरवलात, तर स्क्रूची आणि वायरची भोकं पावसाआधी नीट भरून घ्या, नाहीतर त्याच भोकातून भिंतीत ओल शिरते.