दर अपग्रेडला मराठीचाच बळी का?

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री साडेदहा वाजता आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना टाइप करायला मी बसले. ही सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि उपविधींप्रमाणे सभासदांना 14 पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ती फलकावर लागणे आणि घरोघरी पोचणे भाग होते. आदल्याच संध्याकाळी संगणकाने लिनक्स या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती आल्याचे कळवले होते आणि मी विश्वासाने अपग्रेड करून घेतले होते. आता 'मराठी' हा शब्द लिहायला गेले तर कागदावर सी, जे, ई, दुहेरी अवतरणचिन्ह आणि आर अशी पाच चिन्हे उमटली. ज्यांनी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीवर, हात बसवला आहे त्यांना ती पाहताक्षणी कळतील, कारण त्या बरोब्बर त्याच कळा आहेत. माझी बोटे चुकली नव्हती. वरच्या पट्टीवर मराठी निवडल्याची खूणही दिसत होती. कळा आणि कागद यांच्यामधला दुवा तेवढा कोणीतरी तोडून टाकला होता.

ही पहिली वेळ असती तर मी गप्प बसले असते. गेली अकरा वर्षे मी लिनक्सवर काम करते आहे आणि या काळात वायफाय गेले, आवाज गेला, प्रिंटर रुसला, ते सगळे मी शांतपणे निस्तरले, कारण ते प्रत्येक वेळी बिघडत नाही. मराठी मात्र जवळजवळ प्रत्येक मोठ्या अपग्रेडला बिघडते. एखाद्या वेळी कळांची जोडणी पुसली जाते, एखाद्या वेळी सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदलण्याची सोय नाहीशी होते, तर एखाद्या वेळी सगळे जागेवर असूनही एकाच ॲपमध्ये मराठी उमटत नाही. इंग्रजी टाइप करणाऱ्या माणसाला अपग्रेडनंतर आपली ए ही कळ चालते की नाही हे एकदा तरी तपासावे लागते का? मग ते मी का तपासायचे?

त्या रात्री सर्वाधिक संताप आला तो बिघाडापेक्षा मिळालेल्या सल्ल्यांचा. जिथे शोधावे तिथे एकच उतारा दहा-पंधरा वर्षे चिकटवला जातो आहे: जीटीके, क्यूटी आणि एक्समॉडिफायर्स यांच्या तीन ओळी अमुक फाइलमध्ये टाका, त्या तिघींपुढे आयबस, म्हणजे कळांचे मराठी करून देणाऱ्या प्रोग्रामचे नाव, लिहा आणि संगणक पुन्हा सुरू करा. हा सल्ला एक्स11 च्या, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या, काळात योग्य होता. फेडोरा या लिनक्स वितरणाने 2016 मध्ये 25व्या आवृत्तीपासून एक्स11 च्या जागी नवे वेलँड हे मूळ सत्र केले, उबुंटू या दुसऱ्या वितरणानेही 21.04 पासून तेच केले, आणि वेलँडवर इनपुट मेथडचा, म्हणजे आयबससारख्या मध्यस्थ प्रोग्रामचा, मार्गच वेगळा आहे. तिथे ॲप, खिडक्या पडद्यावर मांडणारा डेस्कटॉपचा कंपोझिटर आणि इनपुट मेथड हे तिघे टेक्स्ट-इनपुट नावाच्या प्रोटोकॉलमार्फत बोलतात. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपवर तर सिस्टम सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या खाली व्हर्च्युअल कीबोर्ड या पानावर आयबस किंवा त्याच्याच जातीचे एफसीआयटीएक्स 5 निवडावे लागते, आणि जीटीकेची ती जुनी ओळ तिथे ठेवली तर उपकार होण्याऐवजी गोंधळच होतो. व्हर्च्युअल कीबोर्ड! ज्या माणसाच्या पुढ्यात शंभर कळांचा खराखुरा कीबोर्ड आहे त्याने मराठी चालू करण्यासाठी पडद्यावरच्या कीबोर्डच्या पानावर जावे, हे कोणाच्या डोक्यात आपणहून येईल? त्या नावामुळे माझा तासभर गेला आणि तो परत देणारा कोणी नाही.

मूळ गोष्ट समजावून सांगायला दहा मिनिटेही लागत नाहीत, म्हणून ती इथे सांगते, कारण ती मला कोणी सांगितली नाही. लिनक्स डेस्कटॉपवर मराठी लिहिण्याच्या दोन पूर्णपणे वेगळ्या वाटा आहेत. पहिली वाट कीबोर्ड लेआउटची, म्हणजे एक्सकेबीची. तिथे कळ दाबली की तिच्यावर नेमलेले अक्षर थेट ॲपकडे जाते, मध्ये कोणी मध्यस्थ नसतो. दुसरी वाट इनपुट मेथडची. तिथे आयबस किंवा एफसीआयटीएक्स कळा स्वतःकडे घेतो, एम17एन या भाषांच्या तक्त्यांच्या संग्रहातून त्यांचे अक्षर बनवतो आणि मग ते ॲपच्या हवाली करतो. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणाऱ्या सगळ्या ध्वन्यानुसारी पद्धतींना ही दुसरी वाट लागतेच, कारण के आणि एच मिळून ख होणार हे ठरवायला मध्ये कोणीतरी हवा. इनस्क्रिप्टला मात्र तो मध्यस्थ बहुतांशी लागतच नाही, कारण तिथे एका कळेला एक अक्षर आहे.

सेटिंग्जमध्ये मराठी शोधले की या दोन्ही वाटांची नावे एकाच यादीत, एकाखाली एक, कोणताही भेद न दाखवता येतात. एकीकडे 'मराठी, वर्धित इनस्क्रिप्ट' हा लेआउट आणि दुसरीकडे एम17एनचे इनस्क्रिप्ट2. नवख्या माणसाला दोन्ही सारखेच वाटणार, तो हाताला येईल ते निवडणार, आणि पुढच्या अपग्रेडला मध्यस्थ मेला की त्याची मराठीही मरणार. मीही अकरा वर्षे एम17एनचेच वापरत होते. त्या रात्री पावणेबाराला मी ते काढून टाकले, साधा लेआउट जोडला, आणि लिबरऑफिसमध्ये, ब्राउझरमध्ये, ईमेलमध्ये, सगळीकडे मराठी ताबडतोब उमटू लागली. कोणतीही ओळ कोणत्याही फाइलमध्ये टाकावी लागली नाही, की संगणक पुन्हा सुरू करावा लागला नाही. इतका सोपा उपाय कोणत्याही मार्गदर्शिकेच्या पहिल्या ओळीत का नाही, याचा मला राग आहे आणि तो रास्त आहे.

या वाटेला एक उणीव आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. एक्सकेबीमध्ये एका कळेतून एकच युनिकोड चिन्ह निघते, त्यामुळे क्ष, ज्ञ, त्र आणि श्र यांच्या शिफ्टवरच्या तयार कळा तिथे मिळत नाहीत. क, हलन्त, ष अशा तीन कळा दाबाव्या लागतात. दोन दिवसांत सवय होते. शिवाय यादीत इंग्रजी लेआउट पहिला ठेवावा, नाहीतर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत जातो, गोल ठिपक्यांमुळे ते दिसत नाही, आणि माणूस आपण पासवर्ड विसरलो असे समजून घाबरतो.

ज्यांना ध्वन्यानुसारी पद्धतीशिवाय जमत नाही त्यांना मध्यस्थाशीच भांडावे लागणार. त्यांनी आधी कोणतीही फाइल न उघडता तीन ठिकाणी टाइप करून पाहावे: डेस्कटॉपसोबत आलेल्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये, लिबरऑफिसमध्ये आणि ब्राउझरमध्ये. तिन्हीकडे मराठी उमटतच नसेल तर बहुधा आयबस चालूच नाही, तो टर्मिनलमधून पुन्हा सुरू करावा. एडिटरमध्ये उमटते पण एखाद्याच ॲपमध्ये उमटत नाही असे असेल तर दोष आयबसचा नाही, त्या ॲपचा आणि प्रोटोकॉलचा आहे, आणि तिथे तीन ओळींचा उतारा शंभर वेळा चिकटवला तरी काही होणार नाही. क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या गाभ्यावर, बेतलेल्या ॲपचा दाखला घ्या. वेलँडवर थेट चालताना ही ॲप कित्येक वर्षे टेक्स्ट-इनपुटची पहिली आवृत्ती बोलत होती, आणि ग्नोम या डेस्कटॉपचा कंपोझिटर फक्त तिसरी जाणत होता. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि मधल्या मध्ये मराठी, चिनी, जपानी लिहिणारे लोक मुके झाले. अशा वेळी ते ॲप सुरू करतानाच ओझोन नावाचा पर्याय एक्स11 ठेवून, म्हणजे वेलँडवर जुनी एक्स11 ॲप चालवणाऱ्या एक्सवेलँडमधून चालवले की बहुधा लिहिता येते. हा उपाय मला एका चिनी भाषकाने लिहिलेल्या टिपणातून मिळाला. चिनी आणि जपानी लोक सतत तक्रार नोंदवतात म्हणून त्यांचे प्रश्न निदान ऐकले जातात. आपण मात्र दोन दिवस धुसफुसतो आणि फोनवर टाइप करून स्वतःलाच ईमेल पाठवतो.

हो, मलाही हेच सुचवले गेले. 'एवढे कशाला? फोनवर बोलून टाइप करा, नाहीतर एखाद्या संकेतस्थळावर इंग्रजीत लिहून मराठी करून घ्या.' सांगणारा माणूस चांगला आहे, त्याच्या मनात वाईट नव्हते, तरीही त्या वाक्याने माझा संयम सुटला. मी तेही करून पाहिले. सूचनेत 'येणाऱ्या वर्षाचे अंदाजपत्रक' आणि 'दुसऱ्या विंगच्या लिफ्टची दुरुस्ती' असे दोन विषय होते. त्या साधनाने दोन्हीकडे 'ऱ्या'च्या जागी रफार काढून दिला. मराठीत हा फरक नुसता दिसण्याचा नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना बोलावले आणि आचाऱ्यांना बोलावले यांत एकाला व्याख्यान द्यायचे आहे आणि दुसऱ्याला स्वयंपाक करायचा आहे. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह जे दाबून ऱ, मग डी दाबून हलन्त आणि मग य, इतके सरळ आहे ते. ज्यांना हा र लिहिता येत नाही अशी साधने मराठीची म्हणून खपवली जातात, आणि आपण ती चालवून घेतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अक्षरांच्या वळणांचीही तीच कथा आहे. मराठीचा ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचे आहेत, आणि चांगल्या युनिकोड फाँटमध्ये दोन्ही वळणे भरलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रोग्रामला कळले तरच मराठी वळण निघते. लिबरऑफिसमध्ये ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी निवडली नाही तर बरेचदा हिंदीच धरली जाते, आणि शुद्धलेखनाची तपासणी शब्दाशब्दाखाली लाल रेघा ओढते. त्याच प्रोग्राममध्ये लॅटिन अक्षरांचा फाँट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा असतो, दोघांचे आकारही वेगळे ठेवता येतात. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी लोक फाँट बदलून बदलून थकतात आणि लिनक्सवर मराठी नीट दिसत नाही असे म्हणून मोकळे होतात. टर्मिनलविषयी मी बोलतच नाही. ग्नोमच्या टर्मिनलमध्ये फाइलचे नाव मराठीत ठेवले की वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे पडते, आणि वर्षानुवर्षे ते तसेच पडते आहे.

कोणी म्हणेल की हे सगळे फुकट मिळते, स्वयंसेवक आपल्या वेळात करतात, त्यांच्यावर रागावू नये. ज्यांनी एम17एनचे मराठी तक्ते लिहिले, ज्यांनी लोहित फाँट घडवला, ज्यांनी अक्षरे जुळवून दाखवणाऱ्या हार्फबझमध्ये देवनागरीची जोडाक्षरे बसवली, त्यांच्याविषयी माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे, आणि त्यांच्यामुळेच मी या संगणकावर आहे. माझा राग आहे तो नवी आवृत्ती बाहेर पाठवण्याआधीच्या तपासणीवर. इनस्क्रिप्ट ही काल आलेली लहर नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती 1986 मध्ये मानक म्हणून ठरवली, लिनक्सचा पहिला कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, 1991 चा आहे. जी मांडणी कर्नलपेक्षा पाच वर्षांनी जुनी आहे ती प्रत्येक आवृत्तीत एकदा चालवून पाहायला काय लागते? एडिटर, ऑफिस, ब्राउझर आणि चॅटचे एखादे ॲप उघडायचे आणि चारही ठिकाणी 'दुसऱ्या' हा एक शब्द टाइप करायचा. तो नीट उमटला तर अर्धे दुखणे गेले.

आणि तपासणीचे काम आपणही करू शकतो, हे मला स्वतःला उशिरा कळले. प्रत्येक मोठ्या वितरणाची बीटा आवृत्ती काही आठवडे आधी येते. पेनड्राइव्हवरून ती लाइव्ह चालवायला डिस्कला हातही लावावा लागत नाही. या खेपेला मी ती चालवली, एफसीआयटीएक्समध्ये शेवटचे अजून पक्के न झालेले अक्षर दुसरीकडे क्लिक करताच हरवते आहे असे दिसले, आणि सत्र वेलँडचे आहे की एक्स11 चे, डेस्कटॉपची आवृत्ती कोणती, कोणत्या ॲपमध्ये कोणत्या कळा दाबल्यावर काय झाले, असे सगळे लिहून तक्रार नोंदवली. तीन आठवडे झाले. अजून त्या तक्रारीवर कोणी एक ओळही लिहिलेली नाही. मी दर सोमवारी जाऊन पाहते आहे, आणि उत्तर येईपर्यंत पाहत राहणार आहे.