कोणाकडे आलात?

आज चर्चमधली उपासना सुटल्यावर चहा न घेता घरी आले. (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो.) माझ्या बाबतीत ही बातमीच आहे. देवळातला चहा मी अंगात ताप असतानासुद्धा सोडलेला नाही. घरी येऊन कुकर लावला, त्याच्या शिट्ट्या झाल्या, माझी काही होईना, म्हणून इथं लिहितेय.

झालं असं. दुसरं गीत सुरू होतं. बाहेर पाऊस धो धो. मागच्या दारातून एक मुलगा आत आला. बावीस-तेवीसचा असेल. अंगात ते डिलिव्हरीवाल्यांचं जाकीट, हातात हेल्मेट, केसांतून पाणी गळतंय. दारात वाकला आणि आधी बूट काढले. आमच्याकडे बूट काढत नाहीत, पण त्याला काय माहीत! देवाच्या घरात शिरताना पायातलं बाहेर, हे त्याच्या आईनं शिकवलं असणार. ओल्या मोज्यांनी तो शेवटच्या बाकाच्या कडेला टेकला. नुसता टेकला हं, बसला नाही.

दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. 'स्वागत समिती'चा बिल्ला लावलेले एक ज्येष्ठ त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, "कोणाकडे आलात?"

देवळात माणूस कोणाकडे येतो हो?

तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. "बसायचं होतं फक्त," असं काहीतरी. मग त्याच्या हातात फॉर्म. नाव, पत्ता, मोबाईल, सध्या कोणत्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सभासद आहात, आमच्याविषयी कोणाकडून समजलं. त्याच्या बोटांनी कागद भिजला. जरा वेळानं त्यानं तो बाकावर ठेवला, दाराशी गेला आणि बूट घालायला लागला. ओल्या मोज्यावर बूट चढेना, एका पायावर लंगडी घालत होता बिचारा. तिसरं गीत लागायच्या आत गेलेला.

मी चौथ्या बाकावरून मान वळवून सगळं बघत होते. उठले नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कोणी विचारायला नको.

आता काकूंबद्दल. माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांना काकूंची गोष्ट पाठ आहे, तरी सांगणार.

1988 साली मी नगर जिल्ह्यातल्या गावाहून नर्सिंगला पुण्यात आले. होस्टेलवर पहिला रविवार. गावात आमचं देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली, पेटी, ढोलकी, आणि सगळे एकमेकांच्या नात्यातले. इथं एवढं उंच छत, रंगीत काचा, आणि बायकांच्या साड्या अशा की मला माझ्या पायातल्या स्लिपरची लाज वाटली. मीसुद्धा शेवटच्या बाकाच्या कडेलाच टेकले होते. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक जाडसर बाई उठून मागं आली, मला कोपरानं आत ढकललं, म्हणजे अक्षरशः "सरक गं" म्हणाली, आणि गीतांचं पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं. ओळीखालून बोट फिरवत राहिली. ते गीत मला तोंडपाठ होतं, नारायण वामन टिळकांचं, आमच्या नगरकडे ते शेंबड्या पोरालाही येतं. पण मी सांगितलं नाही. ते बोट चालू राहावंसं वाटत होतं.

उपासना संपल्यावर पहिला प्रश्न काय? "जेवलीस का?" नाव नंतर विचारलं, चहाचा दुसरा कप झाल्यावर.

बास. एवढंच आहे. यासाठी कुठली समिती लागते? बिल्ला लागतो?

आपल्याकडे आता सेवाकार्य चिकार वाढलंय, आणि चांगलं वाढलंय, नाही म्हणत नाही. शनिवारी बीपी-शुगर तपासायला मी स्वतः बसते. वस्तीतल्या मुलांची शिकवणी चालते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या तरुण संघाच्या पोरांनी शिध्याच्या पिशव्या पाठीवर वाहून नेल्या. हा आपल्या मंडळ्यांचा जुना वारसा आहे. सिंथिया फरार बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. मिरजेला वानलेस डॉक्टरांनी रुग्णालय उभं केलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला टाकलेल्या बायकांना, दुष्काळातल्या पोरींना घर दिलं. भाषण करायचं असलं की आपण ही नावं घडाघडा म्हणतो.

पण एक सांगा. शनिवारी शुगर तपासून गेलेली बाई रविवारी सकाळी दारात उभी राहिली तर? टिकली लावलेली, मंगळसूत्र घातलेली, पदर डोक्यावर. तिला कुठं बसवायचं ते आपल्याला कळत नाही. शनिवारी ती 'लाभार्थी' असते, अहवालात तिचा आकडा येतो. रविवारी ती एकदम "कोणाकडे आलात?" होते. तिनं आपल्या शेजारी बसून आपल्या पुस्तकातून गावं, हे काही आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नाही.

(वरचा परिच्छेद जरा जास्त झाला. खोडणार होते. राहू दे.)

मागं दोन वर्षं मुंबईत नोकरीला होते तेव्हा बुधवारी सुटी मिळाली की माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे मरीयामातेच्या प्रार्थनेला, जायचे. मी काही कॅथलिक नाही, तरी जायचे. 1948 पासून दर बुधवारी चालू आहे ते. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे रांगेत. कोणाच्या हातात मेणाचं घर, कोणाच्या हातात मेणाचा पाय. तिथं कोणी कोणाला "तुमची मंडळी कुठली?" विचारत नाही. आमचे हे म्हणतात, "त्या गर्दीत कोण कोणाला ओळखतं? त्याला स्वागत नाही म्हणत, रेटारेटी म्हणतात." असेल. पण त्या रेटारेटीत कोणी बूट घालून परत तरी जात नाही.

आणि नाताळात काय होतं? सगळं पुणं येशूजन्माचा गोठा बघायला येतं. पोरंबाळं घेऊन, नटूनथटून. विचारतात, "मेणबत्ती कुठं लावायची?" आणि आपण कुठल्या सुरात उत्तर देतो? "आमच्यात मेणबत्त्या लावत नाहीत." आमच्यात! अहो, त्या माऊलीनं वीस रुपयांची मेणबत्ती बाहेरून विकत आणलीय, पदराआड धरून. एक पितळी ताट आणि थोडी वाळू ठेवली तर आपलं प्रोटेस्टंटपण वितळणार आहे का? माझ्या सासऱ्यांना हे पटलं नसतं, ते कट्टर होते. त्यांचा मान राखून सांगते, मला पटतं.

प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, कोणी नवखा रांगेत येतो, प्रसाद समजून हात पुढं करतो. नियम मला माहीत आहे. तो मोडा असं मी म्हणत नाही. पण आमचे जुने पाळकसाहेब अशा माणसाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचे, इतक्या सहज की मागच्याला कळायचंही नाही. तो माणूस हसत जागेवर जायचा. हल्ली बाजूला उभा राहिलेला कोणीतरी दंडाला धरून त्याला रांगेबाहेर काढतो. जत्रेतल्या खिसेकापूसारखा.

बरं, तुमच्या मनातलं मीच लिहिते. दिवस वाईट आहेत. नवा चेहरा दिसला की आधी त्याचा मोबाईल कुठं वळलाय ते बघावं लागतं, कधी कोण व्हिडिओ काढेल आणि काय म्हणेल सांगता येत नाही. मान्य. भीती मलाही वाटते. पण मग गेटवर सरळ वॉचमन ठेवा आणि पाटी लावा. 'सर्वांचे स्वागत आहे' असा फ्लेक्स कशाला?

पुण्यात आपल्या चहाला केवढा इतिहास आहे! गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन. ते पवित्र नाम देवालय, बाजूला सुटा उभा असलेला घंटांचा मनोरा. 1890 साली तिथं व्याख्यानाला पुण्यातली बडी मंडळी गेली, लोकमान्य टिळक, रानडे वगैरे. मिशनवाल्यांनी पाहुणे म्हणून चहा-बिस्किटं पुढं केली. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात धरला. मग गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, नावं छापून आणली आणि ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून गावभर बोंब. ग्रामण्य म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, शंकराचार्य, प्रायश्चित्तं. शाळेत वाचताना आम्ही वर्गातल्या दोघी ख्रिस्ती पोरी हसू दाबून बसलो होतो, की आपल्या चहात एवढं काय असतं?

आज मला त्या वाढणाऱ्यांचं कौतुक वाटतंय. समोर कोण बसलंय, त्याचं सोवळं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? तरी कप पुढं केला. घेणं न घेणं पाहुण्याचं. आज सकाळी त्या पोरानं आपला चहा नक्की घेतला असता. आपण त्याला फॉर्म दिला.

हे लिहिताना त्या बिल्लेवाल्या काकांचा राग थोडा ओसरलाय. खरं तर तो माणूस वाईट नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा दफनभूमीतली सगळी धावपळ त्यांनीच केली, चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. त्यांना कोणीतरी बिल्ला दिला, फॉर्मचा गठ्ठा दिला आणि सांगितलं, दर रविवारी भरून आणा. ते भरून आणतात. गठ्ठा देणारी कमिटी आपणच निवडली. मीही हात वर केला होता.

आणि काकूंचंही पूर्ण सांगते, कारण नेहमी मी गोष्ट चहाच्या दुसऱ्या कपावर संपवते. त्या दिवशी तिसराही कप झाला. काकूंनी मग विचारलंच, "मूळचे कुठले तुम्ही?" आपल्या लोकांत या प्रश्नाचा अर्थ, मूळची जात कुठली, हे आपल्या लोकांना सांगायला नको. बाप्तिस्मा घेऊन चार पिढ्या झाल्या तरी तो प्रश्न सुटत नाही. मी गाव सांगितलं, आजोबांचं मूळ आडनाव सांगितलं. काकू क्षणभर गप्प झाल्या. मला वाटलं, आता कप वेगळा विसळतील. त्यांनी तोच कप उचलला, आपल्या कपात ठेवला आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी वाट बघीन." दोन महिन्यांनी त्यांच्या सुनेकडून कळलं की घरी या विषयावर काकूंचं त्यांच्या यजमानांशी कडाक्याचं भांडण झालं होतं. म्हणजे काकू काही देवदूत नव्हत्या, प्रश्न त्यांनाही सुचला होता. बायबलात याकोबानं आपल्या पत्रात लिहिलंय ना, सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला "तू तिकडं उभा राहा", तो मोह त्यांनाही झाला असणार. पण आधी मला सरकवून शेजारी बसल्या होत्या, एकदा बसल्यावर उठणार कुठं?

कुकर गार झाला. आमचे हे दोनदा डोकावून गेले, "पोस्ट आहे की पत्र?" म्हणून.

तो मुलगा हे वाचणार नाही. त्याचं नावही माहीत नाही, फॉर्मवर त्यानं फक्त 'स' की 'म' असं एक अक्षर काढलं होतं. मी नंतर जाऊन बघितलं. कागद घरी आणलाय, फ्रिजवर वाळतोय.

पुढच्या रविवारपासून मी चौथा बाक सोडतेय. शेवटच्या बाकावर बसणार, उजवीकडं, खांबापाशी, जिथं पंख्याचा वारा येत नाही. गीतांची पुस्तकं कमी पडतात म्हणून माझं घरचं आणणार आहे. महिला मंडळातल्या कोणाला यायचं असेल तर या, पण सगळ्या माझ्याच बाकावर दाटीवाटीनं बसू नका. कडेची जागा मोकळी ठेवा.