९५ आणि ३ मिळून ९८ होत नाहीत

‘टेस्ट अचूकतेची गणितं सोडवायच्या युक्त्या’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. भाचीच्या वहीत तो लाल चौकटीत उतरवलेला दिसला, म्हणून हा खटाटोप. टेस्ट अचूकता म्हणजे एआय मॉडेलची (उदाहरणं दाखवून शिकवलेल्या प्रोग्रॅमची) उत्तरं चाचणीच्या नमुन्यांवर आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांशी, म्हणजे लेबलांशी, किती टक्के जुळली ते.

पहिली युक्ती: ‘अचूकता ९५ टक्के, ३ टक्के नमुन्यांची लेबलं चुकलेली, तर खरी अचूकता ९८.’ साफ चूक.

टक्के बाजूला ठेवा, नमुने मोजा. १००० नमुने, उत्तर फक्त हो किंवा नाही. मॉडेल ९५० ठिकाणी लेबलशी जुळलं, ५० ठिकाणी नाही. चुकलेली लेबलं ३०. ती ५० मधली की ९५० मधली? सगळी ५० मधली असतील, तर तिथे मॉडेलच बरोबर होतं: ९५० + ३० = ९८०. सगळी ९५० मधली असतील, तर चुकलेल्या लेबलशी जुळलेलं उत्तरही चूकच: ९५० − ३० = ९२०. १० त्या ९५० मधली, २० त्या ५० मधली? ९५० − १० + २० = ९६०. विभागणी दिलेली नसेल तर उत्तर ‘९२ ते ९८’ एवढंच. तीन-चार वर्ग असले की आणखी भानगड: मांजराला लेबल कुत्र्याचं, मॉडेल म्हणतं ससा. दोघंही चूक, मग मिळवायचं काय?

आता नाइलाजाने एक कबुली. हो-नाहीच्या गणितात लेबलांच्या चुका निव्वळ योगायोगाने पडल्या असतील, तर खरी अचूकता ‘अ’ धरून अ × ०.९७ + (१ − अ) × ०.०३ = ०.९५. यातून अ = ०.९२ ÷ ०.९४, म्हणजे ९७.९ टक्के. ९८ च्या जवळ, खरं. पण मॉडेल तशाच चुकलेल्या लेबलांवर शिकलं असेल तर ते त्याच चुका गिरवतं आणि हे समीकरण कोसळतं.

दुसरी युक्ती: ‘चुकलेल्या लेबलांचे नमुने दुरुस्त करा वा वगळा, उत्तर तेच.’ नाही. वरच्याच १०-२० च्या विभागणीत दुरुस्त केले तर ९६ टक्के, वगळले तर ९४० ÷ ९७० = ९६.९. भाजक बदलला ना!

‘९० वरून ९५ म्हणजे ५ टक्के सुधारणा’? पाच पर्सेंटेज पॉइंट म्हणा. चुका तर १० वरून ५, थेट निम्म्या.

शेवटी ‘नावाजलेल्या डेटासेटमध्ये लेबलं तपासलेलीच असतात.’ संशोधक कर्टिस नॉर्थकट आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे दहा टेस्ट सेट (चाचणीसाठी बाजूला ठेवलेले नमुने) तपासले: सरासरी किमान ३.३ टक्के लेबलं चुकलेली. इमेजनेट या फोटोंच्या नावाजलेल्या डेटासेटच्या ५०,००० फोटोंच्या व्हॅलिडेशन सेटमध्ये (मॉडेल पडताळण्याच्या संचात) सुमारे ६ टक्के. तिथे एका पॉइंटने पुढे असलेलं मॉडेल खरंच पुढे आहे की नाही, हे लेबलं तपासल्याशिवाय कळत नाही.